राजीनामा दिलास ना, मग उद्या परत कशाला जातेस?

पुण्यात हिंजवडीच्या आयटी पार्कला, फेज थ्रीला काम करणाऱ्या माणसाला राजीनाम्यासाठी वेगळं कारण लागू नये, रोजचा भूमकर चौकातला ट्रॅफिक पुरेसा आहे. पण कंपनीच्या पोर्टलला कारण लागतं. तिथे ड्रॉपडाउन आहे. उच्च शिक्षण, विवाह, स्थलांतर, आरोग्य, चांगली संधी आणि सगळ्यात शेवटी वैयक्तिक. 'रात्री साडेदहाचा कॉल पावणेबाराला संपतो आणि सकाळी नऊला परत स्टँडअप मीटिंग' असा ऑप्शन नव्हता म्हणून मी वैयक्तिक टाकलं. त्याच्या खाली 'कृपया सविस्तर लिहा' असा बॉक्स, तोही मँडेटरी, म्हणजे वैयक्तिक आहे पण सविस्तर सांगा. मी त्यात परत एकदा 'वैयक्तिक' लिहिलं, सिस्टीमने ते गोड मानून घेतलं.

सबमिट दाबल्यावर साधारण चहा गार व्हायला लागतो तेवढ्या वेळात मॅनेजरचा पिंग. 'दोन मिनिटं आहेस का गं?' सहा वर्षांच्या वर काढली मी तिथे आणि या माणसाची दोन मिनिटं कधीही पंचेचाळीसच्या आत संपलेली मी पाहिली नव्हती.

मग जे सुरू होतं त्याला आमच्याकडे रिटेन्शन डिस्कशन म्हणतात. आधी मॅनेजर, मग मॅनेजरचा मॅनेजर, मग एचआर. तिघांचा प्रश्न एकच, 'काय झालं अचानक?' आता अचानक कसलं, मागच्या दोन अप्रेझलमध्ये जे बोलले होते तेच परत बोलायचं होतं, पण तेव्हा ते 'फीडबॅक नोटेड' होतं आणि आता ते 'अगं मग आधी सांगायचंस ना' झालं. मॅनेजरसाहेब म्हणाले यावर्षीच्या प्रमोशनच्या लिस्टमध्ये तुझं नाव होतंच. टीममधला नागपूरकर हे ऐकून म्हणाला, ते लिस्टचा फोटो मागून घे म्हणा, नुसतं बोलून काय राहिले. मॅनेजरच्या मॅनेजरने ऑनसाइट, म्हणजे परदेशात क्लायंटकडे पाठवायचं, काढलं. ते ऑनसाइट मी जॉइन झाल्यापासून पुढच्या क्वार्टरला आहे.

एचआरने मात्र प्रामाणिकपणे एकच गोष्ट सांगितली, नोटीस पिरियड 90 दिवस, म्हणजे राजीनाम्यानंतरही तेवढे दिवस कामावर यायचं.

हे नव्वद दिवसांचं गणित मला आजही कळलेलं नाही. म्हणजे प्रत्येक कंपनीला जाहिरातीत 'इमिजिएट जॉइनर' हवा असतो, फारच झालं तर 30 दिवस थांबतील, आणि स्वतःच्या माणसाला सोडताना मात्र त्यांचा ऑफर लेटर 90 म्हणतो. मग हे इमिजिएट जॉइनर येतात कुठून, तर जे आधीच कुठेतरी नोटीसवर बसून दुसऱ्याच कंपनीची ऑफर खिशात ठेवून अजून एक शोधतायत ते. बायआउट म्हणून प्रकार असतो, उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटायचं. पण तो मॅनेजरच्या अप्रूव्हलवर, आणि अप्रूव्हल 'बिझनेस नीड'वर. आणि माझा बिझनेस नीड एवढा निघाला की मलाच आश्चर्य वाटलं. तीन महिन्यांपूर्वी रेटिंग देताना तो कुठे होता देव जाणे. नवीन कंपनीने थोडं कुरकुरून तारीख पुढे ढकलली, नशीब.

घरी सांगितलं तर आईचा पहिला प्रश्न, 'राजीनामा दिलास ना, मग उद्या परत कशाला जातेस?' तिला नोटीस पिरियड समजवण्यात मी एक आख्खी संध्याकाळ घालवली. तिचं म्हणणं असं की राजीनामा म्हणजे टेबलावर कागद ठेवायचा, पर्स उचलायची आणि यायचं. सिरियलमध्ये तसंच होतं. बाबा जिल्हा परिषदेतून रिटायर झाले, 31 मे ला. त्यांच्या पिढीतल्या अर्ध्या लोकांचा वाढदिवस 1 जून, शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकलेली, आणि एक तारखेचा जन्म असला की सरकारी नियमाने आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर, म्हणून 31 मे ला गावोगावच्या ऑफिसात निरोप समारंभांची रांग लागते. शाल, श्रीफळ, दोन भाषणं, फोटो, संपलं. त्यांना विचारलं तुम्ही केटी किती दिवस दिलीत, तर म्हणाले कपाटाची किल्ली दिली की.

केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. तुमच्या डोक्यात जे आहे ते दुसऱ्याच्या डोक्यात घालायचं. यात एक मूलभूत अडचण असते ती म्हणजे दुसरं डोकं. पहिला महिना माझ्या जागी कोण येणार हेच ठरलेलं नव्हतं. तरी केटी प्लॅनचं एक्सेल मात्र दुसऱ्याच आठवड्यात तयार, त्यात तारखा, टॉपिक, 'केटी गिव्हर' मध्ये माझं नाव, 'केटी टेकर' मध्ये 'टीबीडी', म्हणजे टू बी डिसाइडेड, अजून ठरायचंय. दर शुक्रवारी ते शीट ग्रीन आहे का येलो आहे यावर मीटिंग व्हायची, मी रिकाम्या कॉलवर एकटीच स्क्रीन शेअर करून रेकॉर्डिंग करत बसायचे आणि मध्येमध्ये स्वतःलाच विचारायचे, एनी क्वेश्चन्स?

याच काळात एक विचित्र गोष्ट होते. तुम्ही एकीकडे दिसेनासे होता, म्हणजे पुढच्या रिलीजच्या मीटिंगचं इन्व्हाइट येत नाही, टीम लंचच्या व्होटिंगमध्ये नाव नसतं, कोणीतरी सहज म्हणतं 'ती काय, चाललीच आहे.' आणि दुसरीकडे ज्यांनी सहा वर्षांत कधी गुड मॉर्निंग केलं नाही ते लोक डेस्कपाशी येऊन उभे राहतात. ते रिपोर्टिंगचं तुम्हीच बघता ना? हो. ते कसं चालतं? ते चालतं. म्हणजे कसं? मग मी सांगायला लागले की त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती यायची ती बघून मला पहिल्यांदा आपण काहीतरी काम केलंय असं वाटलं. अप्रेझलमध्ये हे वाटलं नव्हतं.

त्यातला कळस म्हणजे रात्रीचा जॉब. क्लायंटला रोज पहाटे एक रिपोर्ट जातो, त्यासाठी रात्री दोनला सर्व्हरवर एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, आपोआप चालते. ती मी लिहिलेली नाही. माझ्या आधी जो होता त्यानेही लिहिलेली नाही. ती ज्याने लिहिली तो केव्हाच कॅनडाला गेला, पण स्क्रिप्ट अजून त्याच्याच युजर आयडीने चालते, कारण तो आयडी बंद केला की क्लायंटचा रिपोर्ट बंद. म्हणजे तो माणूस कंपनी सोडून गेला, देश सोडून गेला, पण कागदोपत्री रोज रात्री दोनला इमानदारीत कामावर हजर. बरं, स्क्रिप्ट फेल झाली तर अलर्टचा मेल कोणाला जातो? त्यालाच. त्याचा मेलबॉक्स बंद, त्यामुळे मेल बाउन्स होतो, आणि बाउन्सचा मेल येतो मला, कारण मधल्या कोणीतरी तशी फॉरवर्डिंग लावून ठेवलेली. माझं काम काय, तर बाउन्स झालेला मेल आला की उठायचं, एक फाइल डिलीट करायची, जॉब परत चालवायचा. फाइलचं नाव 'टेस्ट_डिलीट_करू_नये'. ती डिलीट करायची. का, ते कोणाला माहीत नाही.

हे सगळं मी केटीच्या डॉक्युमेंटमध्ये जसंच्या तसं लिहिलं. मॅनेजर म्हणाला, हे थोडं प्रोफेशनल भाषेत लिहिता येईल का, क्लायंट बघेल. मग आम्ही दोघांनी बसून लिहिलं, 'सदर जॉबसाठी मॅन्युअल इंटरव्हेन्शन बेस्ड रिकव्हरी मेकॅनिझम अस्तित्वात आहे.' तो मेकॅनिझम म्हणजे पहाटे अडीचला नाइट गाउनमध्ये मी.

टेन्शन येत नव्हतं असं नाही. एका बाजूला नवीन कंपनीची बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन चालू, ते कॉलेजच्या मार्कशीटपासून सगळं मागतात, दुसऱ्या बाजूला इकडे रिलीज, आणि नोटीसमधला माणूस बिलेबल आहे, म्हणजे त्याच्या कामाचे पैसे क्लायंटकडून मिळतात, म्हणून त्याला शेवटच्या दिवसापर्यंत पिळून घ्यायचा हिशोब. आजारी पडायची पण सोय नाही, नोटीसमध्ये रजा घेतली की तेवढे दिवस तारीख पुढे. मला मध्ये व्हायरल झाला, तर ताप किती आहे यापेक्षा लास्ट वर्किंग डे किती सरकेल हेच डोक्यात. रात्री झोप लागायची नाही, दोनच्या सुमारास आपोआप जाग, जॉब चालू झाला असेल या सवयीने.

यातून आम्हाला वाचवलं ते टपरीने. कंपनीच्या गेटबाहेर रस्त्याच्या पलीकडे चहावाला, त्याच्याकडे चारच्या सुमारास आमची पाच-सहा जणांची सभा भरायची, त्यात त्या सीझनला माझ्यासकट तिघे नोटीसवर. नागपूरकराने पैज काढली. मीटिंगमध्ये मॅनेजर 'स्मूथ ट्रान्झिशन' म्हणाला की त्या दिवशीचा चहा एकाकडे, 'ऑफलाइन घेऊया' म्हणाला की क्रीमरोल दुसऱ्याकडे, आणि 'आपण एक फॅमिली आहोत' म्हणाला तर सगळ्यांना मिसळ तिसऱ्याकडे. त्यामुळे झालं काय की ज्या मीटिंगा आम्ही म्यूट करून जीव मुठीत धरून ऐकायचो त्या आता वर्ल्डकपची फायनल असल्यासारख्या कान देऊन ऐकायला लागलो. मॅनेजरला वाटलं टीमचं एंगेजमेंट वाढलं, तसं त्याने वर रिपोर्ट पण केलं. मिसळ एकदाच लागली, एका टाउनहॉलमध्ये, म्हणजे अख्ख्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये, आणि स्टेजवरच्या बाई फॅमिली म्हणाल्याबरोबर आमच्या कोपऱ्यातून जी टाळी पडली ती बघून स्टेजवरून थँक्यू आलं.

शेवटच्या दोन आठवड्यांत टीबीडी एकदाचा प्रकट झाला. नुकताच कॉलेजमधून आलेला, साताऱ्याकडचा पोरगा, मला मॅडम म्हणायचा, कितीही सांगितलं तरी. दोन महिन्यांचं रेकॉर्डिंग त्याच्या गळ्यात टाकलं. बिचाऱ्याने खरंच सगळं ऐकलं, आणि एक दिवस हळूच विचारलं, मॅडम, तिसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही मध्येच 'आई, कुकर बंद कर' म्हणता, ते पण प्रोसेसमध्ये आहे का? तो टिकेल असं मला तेव्हाच वाटलं. रिव्हर्स केटीला, म्हणजे त्याने मला परत समजावून सांगायचं असतं तेव्हा, त्याने विचारलं की ती फाइल डिलीट करायच्या ऐवजी तिचं नाव बदललं तर? सहा वर्षांत हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बदललं. चाललं. का, ते अजून माहीत नाही.

एक्झिट इंटरव्ह्यूबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एक ते पाच आकडे, कल्चर किती, पगार किती, मॅनेजर किती. वर लिहिलेलं, तुमची उत्तरं पूर्णपणे गोपनीय राहतील. मी सगळीकडे चार दिले आणि कॉमेंटमध्ये फक्त लिहिलं की सातव्या मजल्यावर एसी एवढा असतो की मे महिन्यातही स्वेटर लागतं. फेअरवेलला केक कापताना मॅनेजर भाषणात म्हणाला, 'आता हिला स्वेटर लागणार नाही.' सगळे हसले, मी पण हसले, मग माझ्या लक्षात आलं की मी हे गोपनीय लिहिलं होतं.

आता नो ड्यूज. हा या सगळ्या प्रकरणाचा आत्मा आहे. पोर्टलवर डिपार्टमेंटांची लिस्ट येते आणि प्रत्येकासमोर तुमच्याकडून काही येणं नाही असं त्यांनी टिक करायचं. आयटी, अॅडमिन, फायनान्स, ट्रान्सपोर्ट, कँटीन, सिक्युरिटी, लायब्ररी. मी आयुष्यात कंपनीच्या बसमध्ये बसले नव्हते तरी ट्रान्सपोर्टवाल्याने दोन दिवस विचार केला. लायब्ररी कुठे आहे हे विचारत फिरले, तर कळलं की चौथ्या मजल्यावर होती, आता तिथे 'कोलॅबरेशन झोन' आहे, बीन बॅग वगैरे. लायब्ररी गेली पण लायब्ररीचं क्लिअरन्स राहिलं, आणि ते ज्यांच्या बकेटमध्ये जातं ते गृहस्थ आता चेन्नई ऑफिसला फॅसिलिटीज बघतात. त्यांना मेल टाकला. त्यांचं उत्तर आलं, प्लीज कन्फर्म यू हॅव रिटर्न्ड ऑल बुक्स. मी म्हटलं मी एकही घेतलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, देन प्लीज रिटर्न अँड कन्फर्म.

त्याहून भारी आयटीचं. सिस्टीममध्ये माझ्या नावावर दोन लॅपटॉप. एक हातात होता. दुसरा 2020 च्या लॉकडाउनमध्ये वर्क फ्रॉम होम असताना बिघडला, कंपनीने कुरिअरने नवीन पाठवला आणि तोच कुरिअरवाला जुना घेऊन गेला. तो पोचला, पण पोचल्याची एन्ट्री कोणी केली नाही, आणि एवढी वर्षं कोणाला त्याची आठवण आली नाही. आता आली. चलन, म्हणजे कुरिअरची पावती, आहे का? तर होतं! कारण त्या दिवसांत सोसायटीच्या गेटवर सॅनिटायझर मारून पार्सल द्यायला लागायचं, तेव्हा मी गंमत म्हणून त्या पूर्ण पीपीई किट घातलेल्या कुरिअरवाल्याचा फोटो काढून मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलेला, आणि त्याच्या हातात सही केलेलं चलन, नंबरसकट. ग्रुपमध्ये वरवर वरवर स्क्रोल करत तो फोटो शोधला, त्यावर मैत्रिणींच्या कॉमेंट होत्या 'चांद्रयान आलं का गं?', तो क्रॉप करून आयटीला पाठवला. अप्रूव्ह! आयटीतल्या पोराने उलट लिहिलं की एवढं क्लिअर प्रूफ पहिल्यांदा मिळालंय.

पण खरी मजा पुढे. आयटीचा टिक लॅपटॉप जमा केल्यावरच मिळतो. आणि लायब्ररीचा टिक मिळाला का नाही हे बघायचं पोर्टल कंपनीच्या नेटवर्कवर, कंपनीच्या लॅपटॉपवरच उघडतं. म्हणजे लॅपटॉप दिला की स्टेटस दिसत नाही, नाही दिला की स्टेटस पुढे सरकत नाही. हेल्पडेस्कला विचारलं तर म्हणाले तुमच्या टीममधल्या कोणालातरी बघायला सांगा. त्यांना माझं दिसत नाही. मग मॅनेजरला दिसतं. मॅनेजर रजेवर. शेवटच्या दिवशी सहा वाजता मी लॅपटॉप छातीशी धरून आयटीच्या काउंटरसमोर बसून चेन्नईच्या गृहस्थांना फोन लावतेय, ते म्हणतात मी ड्राइव्ह करतोय, माझ्या मागे अजून दोघं रांगेत, त्यातल्या एकाने शांतपणे विचारलं, लायब्ररी का? मी हो म्हटलं. तो म्हणाला माझं पण. गृहस्थांनी गाडी बाजूला घेऊन मोबाइलवरून आम्हा तिघांना एकदम अप्रूव्ह केलं, देव त्यांचं भलं करो, आणि मग आम्ही तिघांनी काउंटरवर लॅपटॉप ठेवून एकमेकांशी हात मिळवले. नावं विचारायची राहून गेली.

गेटवर कार्ड जमा केलं. सिक्युरिटीचे मामा रोज मला हसून जाऊ द्यायचे, त्या दिवशी त्यांनी पर्स उघडायला लावली. सॉरी मॅडम, कार्ड नाही ना आता. मग स्वतःच लाजून म्हणाले, नवीन ठिकाणी चहा चांगला मिळू दे.

आता पैशांचं, कारण लोक नेमकं इथेच गाफील राहतात. फुल अँड फायनल सेटलमेंटला, म्हणजे सोडतानाच्या शेवटच्या हिशोबाला, आमच्याकडे दीड महिना सांगितला होता, बहुतेक ठिकाणी तेवढंच सांगायचे. हे सगळं नवे कायदे यायच्या आधीचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यातल्या वेतन संहितेत स्पष्ट आहे की राजीनामा दिलेल्या माणसाचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. दोन! मी हे टपरीच्या ग्रुपवर टाकलं तर नागपूरकराचं उत्तर, लायब्ररीचं टिक तर पयले येऊ दे.

ग्रॅच्युइटीवर टपरीला जेवढा कायद्याचा अभ्यास झाला तेवढा लॉ कॉलेजला होत नसेल. तेव्हाचं सूत्र सोपं होतं, शेवटचं बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) गुणिले 15 गुणिले वर्षं भागिले 26. बेसिक 30,000 आणि सहा वर्षं धरली तर 1,03,846 रुपये. सहा महिन्यांच्या वर सर्व्हिस असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात. साधारण नियम पाच वर्षांचा, पण आमच्यातल्या एकाची चार वर्षं आणि आठ-नऊ महिने झालेले, त्याने कुठूनतरी मद्रास हायकोर्टाचा निकाल काढला की पाचव्या वर्षात 240 दिवस भरले तरी चालतं. त्यावर दुसरा म्हणाला, आपला पाच दिवसांचा आठवडा, मग आपल्याला 190 दिवसच लागतात, कायद्यात तसं आहे. एचआर म्हणालं आमच्या पॉलिसीत पाच वर्षं. एचआरला मेल, मेलला उत्तर, उत्तराला कलम, असं बरेच दिवस चाललं. चहावाला शेवटी म्हणाला, साहेब, तोवर पाच वर्षं होतील तुमची. तो माणूस खरंच थांबला, राजीनामा मागे घेतला आणि पाच वर्षं भरून मग परत दिला. मॅनेजरने मधल्या काळात त्याला 'रिटेन्शन सक्सेस' म्हणून दाखवलं.

माझे पैसे आले, त्यात नोटीस रिकव्हरी म्हणून त्या व्हायरलच्या दिवसांचे कापलेले, वर तारीख पण पुढे ढकललेली. एकाच तापाची दोनदा वसुली! मेल केला, डॉक्टरचं सर्टिफिकेट परत लावलं, कापलेले परत मिळाले. हे बघितलंच नसतं तर गेलेच होते, म्हणून ती स्लिप ओळ न् ओळ वाचा.

पीएफचं वेगळंच. आपल्याकडे नावाचे तीन तुकडे असतात, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. माझ्या आधारवर नाव आधी, पॅनवर तसंच, पण कंपनीने जॉइनिंगच्या वेळी पीएफला टाकताना आडनाव आधी आणि वडिलांचं नाव इनिशियल. नाव जुळेना तर ट्रान्सफर पुढे सरकेना. मग जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे मी आणि कंपनी दोघांनी मिळून सांगायचं की ही बाई तीच आहे. ज्या कंपनीने सहा वर्षं दर महिन्याला मला पगार दिला तिला हे सांगायला बराच वेळ लागला. शिवाय त्यांनी सोडल्याची तारीख भरलीच नव्हती. ती मात्र शेवटच्या काँट्रिब्यूशननंतर दोन महिने गेले की आपली आपल्याला पोर्टलवर आधार ओटीपीने भरता येते, हे लक्षात ठेवा, त्यासाठी कोणाच्या पाया पडायची गरज नाही. आणि ट्रान्सफर झाल्यावर पासबुकात पेन्शनच्या कॉलममध्ये शून्य दिसलं तर माझ्यासारखं रात्री अकराला सीएला फोन करू नका. कंपनीच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शनला जातात, तेही 15,000 च्या पगारावर, म्हणून महिन्याला 1,250, आणि ट्रान्सफर होताना त्यातली सर्व्हिस पुढे जाते, रक्कम तिथे दिसत नाही. सीए झोपेतून उठून हेच म्हणाला, जरा जास्त कडक शब्दांत.

एवढ्या सगळ्यातून पार पडून मी निवांत झाले आणि जून उजाडला. जुन्या कंपनीचा फॉर्म 16, म्हणजे पगारातून कापलेल्या टॅक्सचं सर्टिफिकेट, हवा. 15 जूनपर्यंत देतात, दिलाही होता त्यांनी, वेळेवर. माझ्या जुन्या ऑफिसच्या मेल आयडीवर. जो त्यांनीच बंद केला होता.

एचआरला लिंक्डइनवर शोधलं, तर तिने प्रोफाइलला 'ओपन टू वर्क'ची हिरवी पट्टी लावलेली. म्हणाली, मी पण सोडलं गं, माझा फॉर्म 16 पण तिकडेच गेलाय. मग आम्ही दोघींनी मिळून पेरोल, म्हणजे पगाराचा हिशोब, बघणाऱ्या एजन्सीचा मेल आयडी शोधला, आमच्याच टीबीडीला नेटवर्कवरून पोर्टलमध्ये बघायला लावून. त्या एजन्सीने दुसऱ्या दिवशी दोघींचे पाठवले, तिचा मला आणि माझा तिला. पासवर्ड म्हणजे पॅन आणि जन्मतारीख, त्यामुळे उघडला कोणाचाच नाही, अदलाबदल करून घेतली. उघडल्यावर कळलं की स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे टॅक्समधली ठरावीक वजावट, दोन्ही कंपन्यांनी दिलंय, ते मिळतं एकदाच, आणि स्लॅबचा फायदाही दोघांनी वेगवेगळा धरलाय, कारण जुन्या पगाराचा फॉर्म 12बी नवीन कंपनीला द्यायचा असतो आणि तो द्यायला लागणारी शेवटची सॅलरी शीट फुल अँड फायनलनंतरच निघते. जेवढी पगारवाढ मिळाली होती त्यातला जवळपास एक महिना टॅक्सला गेला.

टीबीडीचा परवा मेसेज आला. मॅडम, बाउन्सचे मेल तुमच्या बंद आयडीवरून आता मला येतायत, आणि रात्री दोनचा जॉब कोणीतरी तुमच्या नावाने लावलाय.